पनवेल कोणत्या खंडात सापडते?

१/ पनवेल रायगड जिल्ह्यात आहे आणि रायगड जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. त्यामुळे पनवेलचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास शोधणारा नवखा अभ्यासक साहजिकच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड उघडतो. ‘कुलाबा आणि जंजिरा’, प्रकाशन वर्ष १८८३. तालुक्यांची नावे येतात : अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड. यादी येथेच संपते. पनवेल तालुका तीत नाही.

२/ पुष्कळांचा शोध याच पानावर थांबतो आणि ‘पनवेलविषयी जुन्या काळी कोणी काही लिहिलेच नाही’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः पनवेलची नोंद झालेली आहे, छापली गेली आहे आणि चांगली तपशीलवार आहे. ती शेजारच्या खंडांत आहे. विचारणाऱ्याला जे हवे असते आणि लिहिणाऱ्याने जे मांडून ठेवलेले असते, त्यांची गाठ का पडत नाही आणि ती पाडण्याचे प्रयत्न कोणी केले, याचा हा धागा.

३/ आधी चुकामुकीचे साधे कारण. अलिबागच्या आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु त्या वेळी पनवेल आणि कर्जत हे भाग ठाणे जिल्ह्यातच राहिले. पनवेल कुलाब्यात आले ते १८८३ मध्ये, कर्जत १८९१ मध्ये. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले १८८२ साली. म्हणजे खंड बाहेर पडून जेमतेम वर्ष होते न होते तोच पनवेलने जिल्हा बदलला. गाव कागदोपत्री नव्या जिल्ह्यात गेले, त्याची नोंद मात्र जुन्या जिल्ह्याच्या पुस्तकातच राहिली.

४/ त्यात नावांचा गुंता. ‘कुलाबा’ म्हटले की मुंबईकराला दक्षिण टोकाची वस्ती आठवते, दुर्गप्रेमीला अलिबागच्या समुद्रातला किल्ला आणि दफ्तर चाळणाऱ्याला जुना जिल्हा. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा गुंता सुटण्याऐवजी त्यात एक गाठ वाढली. कारण ‘रायगड’ शोधणारे बहुसंख्य लोक महाडजवळचा किल्ला शोधत असतात. शब्द एकच असतो, शोध मात्र निरनिराळे असतात.

५/ ठाण्याचे खंड हाती आले तरी काम संपत नाही. तेरावा खंड दोन भागांत आहे. त्यात भूवर्णन, उत्पादने, लोकसंख्या, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, आरोग्य अशी प्रकरणे येतात. चौदावा खंड स्थळांचा. त्यात गावे आणि किल्ले रोमन वर्णानुक्रमाने लावले आहेत. पनवेल एका ठिकाणी भेटत नाही. बंदर आणि रस्ते व्यापाराच्या प्रकरणात, सारा महसुलाच्या प्रकरणात, गावाचे वर्णन चौदाव्या खंडात. एका गावाची हकीकत अशी निरनिराळ्या प्रकरणांतून वेचावी लागते.

६/ वेचल्यावर काय हाती लागते? उदाहरणार्थ, चाके. चौदाव्या खंडातील पनवेलच्या नोंदीत गाडीची चाके बनवण्याच्या धंद्याचा उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेली जवळपास प्रत्येक बैलगाडी परतताना पनवेलच्या चाकांची एक जोडी घेऊन जात असे, असा त्याचा आशय. रेल्वेपूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी नावेने पनवेलला उतरे आणि पुढे खोपोली, बोरघाट असा वर चढे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकाच्या वाहनांना खुला झाला. खाडी, गाडीरस्ता आणि घाट यांच्या साखळीत पनवेल हे नेमके कोठे बसत होते, ते या चाकांच्या एका ओळीवरून कळते.

७/ पुढे लोहमार्ग कल्याणवरून गेला. १८५६ मध्ये तो खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये घाट चढून गेला. पनवेल त्या मार्गाच्या बाजूला पडले. १८८२ सालची नोंद ही त्यानंतरच्या पनवेलची आहे. ती वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. पण ‘पनवेलचा इतिहास’ एवढेच शब्द घेऊन निघालेल्याला ‘गाडीची चाके’ शोधावे असे सुचणार कसे?

८/ येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते : हे खंड कोणाच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लिहिले गेले? हिंदुस्थान सरकारने विल्यम विल्सन हंटर यांच्या देखरेखीखाली देशभराच्या माहितीसंकलनाचे काम १८६९ पासून हाती घेतले. मुंबई इलाख्यात ते जेम्स कँपबेल या सनदी अधिकाऱ्याने सांभाळले. जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून ठरावीक साच्याची प्रकरणे सिद्ध झाली. मनातला वाचक ठरलेला होता : जिल्ह्यात नव्याने रुजू होणारा साहेब.

९/ त्या साहेबाचे प्रश्न ठरलेले. सारा किती येतो, जमीन कोणत्या पद्धतीने दिलेली आहे, कोणत्या जाती काय काम करतात, बंदरातून कोणता माल जातो, गुन्हे कसले होतात. या प्रश्नांना गॅझेटियर आजही उत्तम उत्तरे देते. मात्र पनवेलच्या शाळेतील मुलाला पडणारे प्रश्न वेगळे असतात : आमच्या गावात पूर्वी कोण राहत होते, कसे बोलत होते, कशाला भीत होते? ते कोणी विचारलेच नव्हते. म्हणून त्यांची उत्तरे साहेबाच्या उत्तरांच्या आडून, तिरप्या वाटेने काढावी लागतात.

१०/ नावे ठेवण्याची नजरही विचारणाऱ्याचीच असते. पनवेलच्या दक्षिणेचा कर्नाळा किल्ला गॅझेटियरमध्ये ‘फनेल हिल’ या दुसऱ्या नावानेही नोंदला आहे. फनेल म्हणजे नाळके किंवा धुरांडे. किल्ल्यावरील उभ्या सुळक्यावरून पडलेले नाव. कोकणी माणसासाठी तो कर्नाळ्याचा सुळका होता. इंग्रजी कागदांत शोध घ्यायचा तर मराठी नावाबरोबर हे परके नावही ठाऊक असावे लागते. नाही तर किल्ला डोळ्यांसमोर असून कागदावर सापडत नाही.

११/ याहून गंभीर उदाहरण कर्नाळ्याच्या पायथ्याजवळ, शिरढोण येथे आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तेथे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी, १८७६-७७ च्या दुष्काळाचे दर्शन, १८७९ मध्ये सशस्त्र बंड, त्याच वर्षी जुलैमध्ये अटक, एडनला काळे पाणी आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच मृत्यू. आज पनवेल परिसराच्या इतिहासात सर्वाधिक शोधले जाणारे नाव बहुधा हेच असेल.

१२/ पण त्या काळच्या सरकारी कागदांत ‘क्रांतिकारक’ असे सदर नव्हते. सरकारच्या दृष्टीने हे प्रकरण दरोड्यांचे होते. बंदोबस्ताचे पोलिसी अहवाल, न्यायखात्याचा पत्रव्यवहार, खटल्यातील पुरावे अशा सदरांखाली ते जमा झाले. कर्मभूमी पुणे आणि भोवतालचा मुलूख असल्याने त्याचा माग पनवेलच्या पानांवर फारसा लागत नाही. देशभक्ताचा शोध घेणाऱ्याला दरोडेखोरीच्या कप्प्यात हात घालावा लागतो. हे मनाला खटकते. परंतु ते कळल्याशिवाय कागद सापडत नाही.

१३/ स्वातंत्र्यानंतर विचारणारा बदलला. १९५७ मध्ये मुंबई सरकारने ‘हिंदुस्थानातील स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने’ या इंग्रजी मालिकेचा पहिला खंड काढला. कालखंड १८१८ ते १८८५. फडक्यांची दैनंदिनी आणि आत्मवृत्त यांची भाषांतरे त्यात अभ्यासकांना मिळाली. कागद जुनेच होते, पोलीस आणि न्यायखात्याच्या हातून गेलेले. फरक मांडणीचा होता. पूर्वी ज्या कागदाला ‘हा माणूस किती धोकादायक आहे?’ असे विचारले गेले, त्याच कागदाला आता ‘हा माणूस का उठला?’ असे विचारता येऊ लागले.

१४/ हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पेशवे दफ्तराची. १८१८ नंतर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनच्या काळात ते चाळले आणि लावले गेले, ते कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवण्यासाठी. हजारो रुमाल बांधले गेले. जमिनीचा दावा पडताळणाऱ्या अधिकाऱ्याला ती व्यवस्था सोयीची होती. पानिपतापूर्वीचा पत्रव्यवहार शोधणाऱ्या इतिहासकारापुढे मात्र तेच रुमाल डोंगरासारखे उभे राहत.

१५/ १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. निवड विषयवार होती. राजकीय इतिहास विचारणाऱ्या पिढीला हवे ते प्रथमच हाताशी आले. पण निवड म्हटली की वगळणेही आले. एखाद्या कसब्यातील मजुरीचे दर किंवा गाडीभाडे शोधणाऱ्याला आजही मूळ रुमालांकडे जावे लागते. प्रत्येक मांडणी काही वाचकांना जवळ आणते, काहींना दूर ठेवते.

१६/ शोधणाऱ्याची अडचण संपादकांना कळत नव्हती असे नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड १८७७ पासून निघू लागले. संपूर्ण मालिकेची एकत्रित सूची आली १९०४ मध्ये. पाव शतकाहून अधिक काळ वाचकाला आधी जिल्हा ठाऊक असावा लागे, मगच गाव सापडे. सूची आल्यावर क्रम उलटला. ‘पनवेल’ हा शब्द घेऊन यावे आणि खंड व पृष्ठ घेऊन जावे. पुस्तक तेच राहिले. दार मात्र वाचकाच्या बाजूने उघडले.

१७/ मराठीत या प्रश्नाचा मोठ्या आवाक्याने विचार केला तो श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. त्यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड. पहिले पाच प्रस्तावनाखंड सलग वाचण्यासाठी, पुढे अकारविल्ह्याने नोंदी आणि सूचीला स्वतंत्र खंड. रचनेतच दोन प्रकारचे वाचक गृहीत धरलेले दिसतात. एकाला विषयाची ओळख हवी असते, काय विचारावे हेच त्याला अजून ठाऊक नसते. दुसरा नेमका शब्द घेऊन आलेला असतो. पहिल्याच्या हाती नुसता कोश दिला तर तो गोंधळतो; दुसऱ्याला पाच खंड वाचायला लावले तर तो कंटाळून उठतो.

१८/ १९३१ मध्ये मद्रासला एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यातील तीन सूत्रे. पैकी दुसरे सूत्र पनवेलच्या प्रकरणी फार बोलके आहे. चौदाव्या खंडातील पनवेलच्या नोंदीला वाचक हवा होता, पनवेलच्या वाचकाला ती नोंद हवी होती आणि दोघांमध्ये एक जिल्ह्याची सीमा उभी होती.

१९/ यंत्रे आली तरी प्रश्न तोच राहिला. २००२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी आंतरजालावरील शोधांचे तीन वर्ग मांडले. काहींना ठाऊक असलेल्या विशिष्ट ठिकाणी पोहोचायचे असते. काहींना माहिती हवी असते. काहींना काम उरकायचे असते : तिकीट, खरेदी, नोंदणी. टाइप केलेल्या शब्दांवरून हेतू नेहमी ओळखू येत नाही, आणि शब्द जुळले तरी हेतू न जुळल्यास उत्तर निरुपयोगी ठरते, हा त्यातला मुद्दा.

२०/ ‘कर्नाळा’ हा एक शब्द घ्यावा. सुटीच्या दिवशी निघालेल्याला वाट आणि वेळ हवी असते. पक्षिनिरीक्षकाला १९६८ मध्ये घोषित झालेले अभयारण्य हवे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांकडून घेतलेला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रोथरने जिंकलेला किल्ला हवा असतो. ‘पनवेल’ या शब्दाचे तर विचारू नये. बहुतेकांना गाडीची वेळ हवी असते, कोणाला महापालिकेचा दाखला. चाकांच्या जोड्या शोधणारा त्या गर्दीत एखादाच, आणि यंत्र गर्दीच्या बाजूने झुकते.

२१/ म्हणून इतिहास लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते. ‘पनवेलचा संपूर्ण इतिहास’ असे शीर्षक द्यायचे, शब्द दहादा आणायचा, आणि आत मात्र शिवकाल-पेशवाई-इंग्रजी राजवट असा कोणत्याही गावाला लागू पडणारा मजकूर भरायचा, हा प्रकार सर्रास चालतो. तेथे शब्द जुळतात आणि वाचक रिकाम्या हाताने परततो. जुन्या गॅझेटियरचे उलटे होते : आत ऐवज होता, पण दारावर नाव दुसऱ्याचे होते. दोन्ही ठिकाणी विचारणाऱ्याची फसगत होते. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी आत काहीच नसते.

२२/ दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. विचारणाऱ्याला जे हवे तेच द्यावे हा नियम दुकानाला शोभतो. इतिहासाला तो अर्धाच लागू पडतो. ‘पनवेल कोणत्या राजाने वसवले?’ असे विचारणाऱ्याला एक नाव आणि एक साल हवे असते. बंदरे बहुधा अशी वसवली जात नाहीत; खाडी, रस्ता आणि बाजार यांच्या जोरावर ती हळूहळू वाढतात. येथे नाव रचून दिले तर प्रश्नकर्ता खूश होईल आणि खोटे पसरेल. त्याच्या प्रश्नामागे ‘हे गाव येथेच का?’ हे कुतूहल असते. उत्तर त्या कुतूहलाला द्यायचे असते.

२३/ फडक्यांबाबतही तेच. केवळ गौरव शोधणाऱ्याला दरोड्यांचे अहवाल दाखवणे जड जाते आणि केवळ सनसनाटी शोधणाऱ्याला दुष्काळाची पार्श्वभूमी नकोशी वाटते. प्रामाणिक लेखन दोघांनाही एकाच कागदापाशी आणते. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी, काय विचारले गेले म्हणून, हे सांगते आणि मग वाचकाला ठरवू देते. वाचकाचा हेतू ओळखण्याचा अर्थ त्याची समजूत जशीच्या तशी परत करणे असा होत नाही.

२४/ शोधणाऱ्यासाठी यातून काही साध्या सवयी निघतात. ज्या सालची माहिती हवी, त्या साली गाव कोणत्या जिल्ह्यात होते ते आधी पाहावे. गावाची आणि किल्ल्याची जुनी, परकी नावे टिपून ठेवावीत. कँपबेलच्या खंडांत स्वरांवर दीर्घत्वाच्या खुणा आहेत, त्यामुळे स्कॅन केलेल्या प्रतीत शब्दशोध चुकू शकतो. तेव्हा सूची डोळ्यांनी चाळावी. आणि हवे ते सापडले नाही तर विषयाचे नाव बदलावे : गावाऐवजी बंदर, बंदराऐवजी व्यापार, बंडाऐवजी दरोडे.

२५/ कुलाब्याचा १९६४ सालचा सुधारित गॅझेटियर उघडला की पनवेल तेथे हजर असते; ऐंशी वर्षांनी नोंद जिल्ह्याच्या मागोमाग पोहोचली. तरीही १८८२ च्या पनवेलसाठी ठाण्याचाच चौदावा खंड काढावा लागतो. पुढचा कोणी अकराव्या खंडापाशी निराश होऊन थांबला असेल, तर त्याला एवढेच सांगणे पुरेसे आहे : पुस्तक बरोबर आहे, जिल्हा चुकला. तीन खंड पुढे जावे. तेथे घाटावरून आलेल्या गाड्या अजून चाकांची जोडी घेऊन परत निघाल्या आहेत.

(धागा समाप्त)